मामा तलावाचे ‘मामा’ कोण?

शाळेत असताना आमची सहल नवेगावबांधला गेली होती. डोंगरांच्या मधोमध पसरलेलं ते अफाट पाणी, काठाला टेकलेलं जंगल आणि नावेत बसण्यासाठी आमची झुंबड. परत आल्यावर निबंध लिहायचा होता. मी पहिलंच वाक्य लिहिलं, ‘नवेगावबांध ही निसर्गाची देणगी आहे.’ बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली. ते वाक्य चूक आहे हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

उत्तर तर गावाच्या नावातच होतं. बांध! हा तलाव माणसांनी बांधलेला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असं परंपरा सांगते. भोवतीच्या सात टेकड्यांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. बांधकामात या बहिणींनी मदत केली, अशी गोष्ट आहे. कोलू पाटील पुढे कोलासूर देव झाले. आपल्याकडे राजांची देवळं पुष्कळ आहेत, पण तलाव बांधणाऱ्याला देव करणारी गावं किती असतील?

कोहळी समाजाची ओळखच तलाव बांधणारे अशी. जमिनीचा उतार नजरेनं ओळखायचा, दोन टेकड्यांमधली फट शोधायची आणि तिथे मातीची पाळ घालायची. जास्तीचं पाणी पाळ न फोडता निघून जावं म्हणून बाजूला ‘सलंग’. धानाला लागेल तेवढंच पाणी सोडायला ‘तुडूम’, ज्याची भोकं पाणी उतरेल तशी वरून खाली एकेक उघडायची. सिमेंट नाही, यंत्र नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत.

इंग्रजांच्या काळात हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. 1950 मध्ये मालगुजारी रद्द करणारा कायदा झाला आणि तलाव सरकारचे झाले. ‘माजी मालगुजारी’चं आखूड रूप म्हणजे ‘मामा’. कागदावर मालक मिळाला, पण पाळीवर माती टाकायला दरवर्षी जमणारं गाव हळूहळू पांगलं. गाळ साचला, बेशरमाची झाडं माजली.

याच काळात पाण्याकाठी दुसरी माणसं येऊ लागली. नागझिरा 1970 मध्ये अभयारण्य झालं, नवेगाव 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान. तेव्हा दोन्ही भंडारा जिल्ह्यातच. 1999 मध्ये गोंदिया वेगळा झाला आणि नवेगाव तिकडे गेलं. 2013 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ आणि मारुती चितमपल्लींचं ‘नवेगावबांधचे दिवस’ वाचून पुण्यामुंबईचे वाचक दुर्बिणी घेऊन इकडे आले. चितमपल्ली स्वतः वनाधिकारी होते. तरी पक्षी आणि पाणी ते शिकले ते माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या गावच्या जाणकारांकडूनही. त्यांच्या लिखाणातलं जंगल म्हणूनच रिकामं वाटत नाही, त्यात माणसं आहेत.

आपण मात्र ‘निर्जन’, ‘अस्पर्श’ असे शब्द घेऊन जातो. गेल्या हिवाळ्यात मीही गेलो होतो. पाळीवर उभं राहून बदकांचे थवे पाहताना शेजारचा एक पर्यटक म्हणाला, “काय नैसर्गिक तलाव आहे!” मी काही बोललो नाही. खाली एक ढीवर जाळं सोडवत होता. हे पाणी त्याच्यासाठी रोजचं पोट आहे, खालच्या बांधीत ते धान आहे आणि आपल्यासाठी रविवार. तिघांचाही भार एकाच मातीच्या पाळीवर आहे. ती खचली तर नावही नाही, बदकंही नाहीत.

मग सहलीला जाऊच नये का? जरूर जावं. नावेत बसावं, फोटो काढावेत. फक्त काठावरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं, “आजोबा, तुडूम कुठे आहे?” बहुतेक ते उठून दाखवायला येतील. चालता चालता जे सांगतील, ते माझ्या निबंधात नव्हतं.