देश नसलेल्या हवाई दलाचा सेनापती

10 जुलै 1940 रोजी इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या डक्सफर्ड तळावर ब्रिटिश हवाई दलाची, म्हणजे आरएएफची, 310 क्रमांकाची स्क्वाड्रन स्थापन झाली. तिच्यातले वैमानिक चेकोस्लोव्हाकियाचे होते. त्या देशाच्या निर्वासित सरकारला ब्रिटनने तात्पुरती मान्यता दिली ती 21 जुलैला, म्हणजे अकरा दिवसांनी. आधी स्क्वाड्रन आणि मग सरकार, असा हा उलटा क्रम. ज्या देशाची भूमी जर्मनांच्या ताब्यात होती, त्याचे हवाई दल परक्या मातीवर उभे राहत होते. ते उभे करणाऱ्या माणसाचे नाव कारेल यानोउशेक. तेव्हा त्यांचे वय 46 होते. त्यांच्या नावावर शत्रूचे एकही विमान पाडल्याची नोंद नाही. युद्धकथांच्या पुस्तकांत त्यांना क्वचितच जागा मिळते, त्याचे कारण बहुधा हेच.

यानोउशेक मूळचे मोराव्हियातल्या प्शेरोव गावचे. जन्म 30 ऑक्टोबर 1893 चा. तो सारा मुलूख तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि इतर चेक तरुणांप्रमाणे त्यांनाही सम्राटाच्या सैन्यात भरती व्हावे लागले. 1916 मध्ये ते रशियनांच्या हाती सापडले. त्या युद्धकैद्यांमधूनच चेकोस्लोव्हाक लीजन ही स्वयंसेवकांची फौज तयार झाली. ज्या साम्राज्याचा गणवेश घालून हे लोक आघाडीवर आले होते, त्याच साम्राज्याविरुद्ध ते आता लढत होते. रशियात क्रांती झाल्यावर मायदेशी परतण्याची त्यांची पश्चिमेची वाट बंद झाली. तेव्हा ही फौज ट्रान्स-सायबेरियन रेल्वेने लढत लढत पूर्वेकडे सरकली आणि व्लादिवोस्तोकहून जहाजाने अर्ध्या जगाला वळसा घालून घरी आली. यानोउशेक 1920 मध्ये परतले, ते चेकोस्लोव्हाकिया नावाच्या नव्या प्रजासत्ताकात. आपल्या देशाची फौज आधी परमुलखात उभी राहते आणि देश मागाहून नकाशावर येतो, हे त्यांनी विशीतच अनुभवले होते.

युद्धानंतर प्रागच्या युद्धशाळेत शिकून ते हवाई दलात आले. विमानातल्या निरीक्षकाचे प्रशिक्षण घेतले, एकेक पायरी चढत जनरल झाले आणि जोडीला चार्ल्स विद्यापीठातून हवामानशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्या काळचा वैमानिक ढग, वारा आणि धुके यांच्या मेहेरबानीवर उडत असे. त्यामुळे सेनापतीने हवामानाचा अभ्यास करणे ही हौस नव्हती, कामाची गरज होती.

सप्टेंबर 1938 मध्ये म्युनिक करार झाला. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग हिटलरच्या पदरात टाकला. 15 मार्च 1939 रोजी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. एकही हवाई लढाई न होता देशाची विमाने, तळ आणि कारखाने जर्मनांकडे गेले. वैमानिक मात्र हाती लागले नाहीत. शेकडो जण पोलंडच्या वाटेने निसटले आणि फ्रान्सला पोहोचले. महायुद्ध अजून सुरू व्हायचे होते, म्हणून फ्रान्सने त्यांना आधी ‘फॉरेन लीजन’मध्ये नाव नोंदवायला लावले. यानोउशेक काही काळ देशातल्या गुप्त प्रतिकार संघटनेत राहिले आणि 1939 च्या अखेरीस हंगेरी, बाल्कन देश व बैरूत अशा आडवाटेने पॅरिसला आले. सहा महिन्यांत फ्रान्सही कोसळला. मिळेल ते जहाज पकडून चेक वैमानिक ब्रिटनच्या बंदरांवर उतरू लागले.

इथून यानोउशेक यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम सुरू होते. अध्यक्ष एडवर्ड बेनेश यांनी निर्वासित हवाई दलाची सूत्रे त्यांच्याकडे दिली आणि लवकरच ते महानिरीक्षक झाले. हुद्दा भारदस्त होता, पण हातात अधिकार किती? पोलंडने ऑगस्ट 1940 मध्ये ब्रिटनशी करार करून आपल्या हवाई दलाचे वेगळे अस्तित्व राखले. चेकोस्लोव्हाकांना ते साधले नाही. ऑक्टोबरच्या करारानुसार त्यांचे वैमानिक ‘आरएएफ व्हॉलंटिअर रिझर्व्ह’मध्ये दाखल झाले. गणवेश ब्रिटिश, खांद्यावर तेवढी ‘चेकोस्लोव्हाकिया’ अशी पट्टी. मायदेशात वरच्या हुद्द्यावर असलेल्या अधिकाऱ्यांनाही बहुतेक करून पायलट ऑफिसर या अधिकाऱ्यांमधल्या सर्वांत खालच्या हुद्द्यापासून सुरुवात करावी लागली. पहिल्या स्क्वाड्रनला कमांडरही दोन होते: ब्रिटिश डग्लस ब्लॅकवुड आणि चेक अलेक्झांडर हेस. बेचाळीस वर्षांचे हेस 1940 च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईतल्या सर्वांत वयस्क लढाऊ वैमानिकांपैकी एक होते.

मानापमानाचे प्रश्न बाजूला ठेवले तरी तांत्रिक अडचणी कमी नव्हत्या. हे वैमानिक घरी ज्या ‘आव्हिया’ विमानांवर तयार झाले, ती दुपंखी होती आणि त्यांची चाके कायम खाली असत. ब्रिटनमध्ये मिळालेल्या ‘हरिकेन’ विमानाची चाके उड्डाणानंतर आत घ्यावी लागत आणि उतरताना आठवणीने बाहेर काढावी लागत. फ्रेंच विमानांत इंजिनचा जोर वाढवायला दांडा मागे ओढावा लागे, ब्रिटिश विमानात तोच पुढे ढकलायचा. ऐन चकमकीत हात जुन्या सवयीने चालला, तर नेमके हव्या त्या क्षणी इंजिन मंदावे. उंची मीटरऐवजी फुटांत, वेग किलोमीटरऐवजी मैलांत. शिवाय कानातल्या रेडिओवरून येणारे हुकूम इंग्रजीत, आणि ती भाषा बहुतेकांनी काही आठवड्यांपूर्वी ऐकलेलीसुद्धा नव्हती. एकीकडे इंग्रजीचे वर्ग आणि दुसरीकडे सराव, अशा घाईत हे लोक तयार झाले. ऑगस्ट संपण्यापूर्वीच 310 स्क्वाड्रन जर्मन विमानांशी भिडली होती.

जुलैअखेर 311 ही बॉम्बफेकी स्क्वाड्रन, ऑगस्टअखेर 312 आणि मे 1941 मध्ये 313 उभी राहिली. 313 चे बोधवाक्य होते: एक ससाणा पुष्कळ कावळ्यांना पांगवतो. काही चेक वैमानिक इतर स्क्वाड्रन्समध्येही चमकले. योसेफ फ्रांतिशेक यांनी पोलिश 303 स्क्वाड्रनमधून लढताना सप्टेंबर 1940 च्या एका महिन्यात 17 विमाने पाडली आणि 8 ऑक्टोबरला विमान कोसळून ते मरण पावले. कारेल कुटेलवाशर यांनी पाडलेल्या 18 विमानांपैकी 15 रात्रीच्या अंधारात, फ्रान्समधल्या जर्मन तळांवर घिरट्या घालून टिपलेली होती. फ्रांतिशेक फायटल 1942 मध्ये ब्रिटिश 122 स्क्वाड्रनचे कमांडर झाले. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे विमान उत्तर फ्रान्समध्ये पडले. शत्रूने व्यापलेला फ्रान्स पार करून ते स्पेनमध्ये पोहोचले, तिथल्या छावणीत अडकले, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा इंग्लंडला हजर झाले.

पराक्रमाच्या या कथांमागे यानोउशेक यांचा रोजचा हिशेब चालू होता: किती माणसे शिल्लक आहेत? ब्रिटनला नवे वैमानिक मिळण्यासाठी अख्खे साम्राज्य होते. चेकोस्लोव्हाकियाची सीमा बंद होती, त्यामुळे गेलेल्या माणसाच्या जागी नवा येणार कुठून? युद्धभरात सुमारे अडीच हजार चेकोस्लोव्हाक आरएएफमध्ये होते. त्यांपैकी पाचशेच्या आसपास परतलेच नाहीत. सर्वांत मोठी झळ 311 ला बसली. वेलिंग्टन विमानातून जर्मनीवर रात्री बॉम्बफेक करायची, तर प्रत्येक विमानात सहा जण जात, आणि एक विमान परतले नाही की सहा माणसांची उणीव भरून काढायची पाळी येई. शेवटी एप्रिल 1942 मध्ये ही स्क्वाड्रन कोस्टल कमांडकडे, समुद्रावरच्या गस्तीसाठी वळवण्यात आली. तिला मोडून माणसे इतरत्र वाटण्याऐवजी दुसऱ्या कामावर जिवंत ठेवली, हा निर्णय पुढे किती मोलाचा ठरला ते दीड वर्षाने दिसले.

27 डिसेंबर 1943. जपानहून टंगस्टनसारखा मौल्यवान कच्चा माल घेऊन निघालेले ‘आल्स्टरउफर’ हे जर्मन मालवाहू जहाज मित्रराष्ट्रांची नाकेबंदी चुकवत बिस्केच्या उपसागराजवळ आले होते. चिलखतभेदी तोफगोळे आणि यंत्र-अवजारे बनवायला जर्मनीला टंगस्टन हवेच होते. 311 स्क्वाड्रनच्या ओल्द्रिख दोलेझाल यांच्या लिबरेटर विमानाने ते जहाज हेरले आणि विमानविरोधी तोफांच्या माऱ्यातून खाली येत आधी रॉकेट, मग बॉम्ब सोडले. जहाजाने पेट घेतला आणि ते बुडाले. त्याला सोबत करायला बंदराबाहेर पडलेल्या जर्मन विनाशिकांची दुसऱ्याच दिवशी ब्रिटिश क्रूझर ‘ग्लासगो’ आणि ‘एंटरप्राइज’ यांच्याशी गाठ पडली, आणि त्यांतल्या तीन नौका तळाला गेल्या. माणसांअभावी बंद पडू शकली असती अशा स्क्वाड्रनच्या एका विमानाने हा सारा डाव उधळला.

या कामाची किंमत यानोउशेक यांनी घरातूनही मोजली. परदेशात लढणाऱ्यांच्या नातेवाइकांना नाझींनी 1942 पासून मोराव्हियातल्या स्वातोबोर्झित्से छावणीत डांबायला सुरुवात केली. यानोउशेक यांच्या पत्नी आन्ना आउश्वित्झमध्ये मरण पावल्या. जवळचे आणखी काही नातेवाईकही छावण्यांतून परतले नाहीत. राजा सहावा जॉर्ज यांनी यानोउशेक यांना ‘ऑर्डर ऑफ द बाथ’ दिली. मे 1945 मध्ये त्यांना एअर मार्शल करण्यात आले. आपल्या भारतीय हवाई दलात आजही असलेल्या या हुद्द्यापर्यंत आरएएफमध्ये पोहोचलेले ते एकमेव चेक अधिकारी.

घरवापसी मात्र लांबली. मे 1945 मध्ये प्राग जर्मनांविरुद्ध उठले, तेव्हा या स्क्वाड्रन्स इंग्लंडमध्येच अडकून पडल्या होत्या. प्राग मुक्त केले सोव्हिएत फौजेने. चेक वैमानिकांची स्पिटफायर विमाने मायदेशी उतरली ती 13 ऑगस्टला. तोवर हवाई दलाच्या प्रमुखपदी मॉस्कोहून आलेले जनरल आलोइस विखेरेक बसले होते. लंडनमधले महानिरीक्षक कार्यालय गुंडाळले गेले. यानोउशेक यांच्या वाट्याला नावापुरती पदे आली.

25 फेब्रुवारी 1948 रोजी कम्युनिस्टांनी सत्ता ताब्यात घेतली. पश्चिमेकडून लढून आलेला प्रत्येक वैमानिक त्यांच्या लेखी संशयित होता. यानोउशेक यांना आधी सक्तीच्या रजेवर पाठवले. पुढची वाट त्यांना स्पष्ट दिसत होती, म्हणून त्यांनी देश सोडायचे ठरवले. पळून जायला मदत करतो म्हणणारा माणूस लष्करी गुप्तचरांचाच हस्तक निघाला. 30 एप्रिलला त्यांना अटक झाली. लष्करी न्यायालयाने 18 वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. हुद्दा, पदके, डॉक्टरेट सारे काढून घेतले. पुढच्या वर्षी शिक्षेत आणखी एका वर्षाची भर पडली. त्यांना प्ल्झेन शहरातल्या बोरी तुरुंगात ठेवले होते. मॉस्कोमध्ये चेकोस्लोव्हाक लष्करी मंडळाचे प्रमुख राहिलेले जनरल हेलिओदोर पीका यांना 21 जून 1949 रोजी याच तुरुंगात फासावर चढवण्यात आले. 1950 मध्ये तुरुंगातून पळण्याच्या कटाचा आरोप ठेवून यानोउशेक यांची शिक्षा जन्मठेपेत बदलली.

त्यांच्या हाताखाली लढलेल्यांचेही असेच हाल झाले. फायटल यांना कोणताही खटला न चालवता मिरोव तुरुंगात ठेवले. जर्मनांच्या कैदेतून पुन्हा पुन्हा निसटण्याचे प्रयत्न करणारे योसेफ ब्रिक्स स्वतःच्या देशाच्या कैदेत, युरेनियम खाणींच्या छावणीत, 1957 मध्ये दगावले. कुटेलवाशर वेळीच ब्रिटनला परतले म्हणून वाचले. ‘आल्स्टरउफर’ बुडवणारे दोलेझाल आता प्रवासी विमाने चालवत होते. मार्च 1950 मध्ये तीन डकोटा विमाने एकाच दिवशी वळवून म्युनिकजवळच्या एर्डिंग तळावर उतरवण्यात आली, त्या बेतात ते सामील होते. नाझींशी लढायला हे लोक देशाबाहेर पडले होते. आता त्यांना स्वतःच्याच सरकारपासून जीव वाचवायला पुन्हा बाहेर पडावे लागत होते.

1960 च्या मे महिन्यात सर्वसाधारण माफी जाहीर झाली आणि यानोउशेक बारा वर्षांनी तुरुंगाबाहेर आले. वय 66, निवृत्तिवेतन नाही. एकेकाळचा एअर मार्शल पोटासाठी कापडाच्या गोदामात नोंदी करू लागला. ही नोकरी त्यांनी 1967 पर्यंत केली. प्रागमध्ये वारे बदलले तेव्हा, जुलै 1968 मध्ये, न्यायालयाने त्यांची जुनी शिक्षा रद्द केली. पण ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले आणि पुन्हा तोंडाला कुलूप लागले. 27 ऑक्टोबर 1971 रोजी यानोउशेक वारले. त्यांचा मान खऱ्या अर्थाने परत मिळाला तो 1989 मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळल्यानंतर, मरणोत्तर. जून 2014 मध्ये प्रागच्या क्लारोव भागात आरएएफमधल्या चेकोस्लोव्हाकांच्या स्मरणार्थ पंख असलेल्या सिंहाचे शिल्प उभे राहिले, ते तिथल्या ब्रिटिश रहिवाशांनी दिलेली भेट म्हणून.

यानोउशेक यांच्या कामाचा सर्वांत दीर्घायुषी साक्षीदार म्हणजे एमिल बोचेक. ब्रनोचा हा मुलगा सोळा-सतराव्या वर्षी घरातून पळाला, फ्रान्समार्गे ब्रिटनला आला आणि 312 स्क्वाड्रनमध्ये मेकॅनिक झाला. नवे वैमानिक बाहेरून मिळत नसल्याने जमिनीवरच्या माणसांमधूनच वैमानिक घडवावे लागत होते, आणि त्यांना शिकायला कॅनडाला पाठवले जाई. बोचेक त्यांतलेच एक. ऑक्टोबर 1944 मध्ये ते लढाऊ वैमानिक म्हणून 310 मध्ये रुजू झाले, डक्सफर्डला उभ्या राहिलेल्या त्याच पहिल्या स्क्वाड्रनमध्ये. आरएएफमधले ते शेवटचे हयात चेक लढाऊ वैमानिक. मार्च 2023 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.