बलवंतनगरचा रुपया

झाशीच्या रेल्वे स्थानकावर उतरून जुन्या शहराकडे निघालेल्या प्रवाशाच्या वाटेत इलाइट चौराहा लागतो. रिक्षा, मोटारी, फळांच्या गाड्या आणि घाईने रस्ता ओलांडणारी माणसे यांच्या गर्दीत क्षणभर थांबलेल्या मराठी माणसाच्या मनात सहसा एकच नाव येते आणि ते राणी लक्ष्मीबाईंचे. त्यात नवल काहीच नाही. परंतु राणीच्या हाती कारभार येण्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे या शहरात मराठी सत्ता नांदत होती. त्या सत्तेची जी खूण सर्वांत जास्त हातांतून फिरली, ती किल्ल्याची नव्हे, वाड्याची नव्हे, तर येथल्या टांकसाळीत पडलेल्या रुपयाची होती. या रुपयाची आठवण ज्या मोजक्या लोकांनी जागती ठेवली, त्यांत विद्वान प्राध्यापक थोडे आणि हौशी संग्राहकच फार. त्यांची हौस पोसली गेली ती नाणकशास्त्राच्या नियतकालिकांवर आणि लिलावांच्या सूचीपुस्तकांवर.

झाशीचा किल्ला ओर्छाच्या वीरसिंहदेवाने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधला. पुढे १७२९ साली बंगशाच्या वेढ्यात सापडलेल्या छत्रसालाच्या मदतीला पहिला बाजीराव धावून गेला आणि १७३१ साली छत्रसाल वारल्यावर बुंदेलखंडाचा एक वाटा पेशव्यांकडे आला, ही कथा मराठी शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यानंतरची कथा मात्र तितकी ठाऊक नसते. १७४२ साली नारो शंकर हा झाशीचा सुभेदार झाला. नाशिकला गोदावरीच्या काठी १७४७ साली ज्याने रामेश्वराचे देऊळ बांधले आणि ज्याची घंटा महाराष्ट्रात म्हणीसारखी गाजली, तोच हा नारो शंकर. त्याने झाशीचा किल्ला वाढवला, वस्ती वसवली, दक्षिणेतून माणसे नेली. पेठ वाढली म्हणजे सराफ येतात आणि सराफ आले म्हणजे नाणे लागते. १७५७ पर्यंत तो तेथे होता. त्यानंतर काही वर्षे एकामागून एक सुभेदार आले आणि अखेर रघुनाथ हरी नेवाळकराच्या काळापासून सुभा नेवाळकर घराण्यात स्थिरावला.

या शहराचे जुने नाव बलवंतनगर असे सांगितले जाते. रुपयावर झाशी हा शब्द नाहीच. फारसी अक्षरांत ‘जर्ब बलवंतनगर’ एवढेच आहे. जर्ब म्हणजे ठोका, टांकसाळीतला घाव. दुसऱ्या बाजूस दिल्लीच्या बादशहाचे नाव, प्रथम दुसऱ्या आलमगिराचे आणि पुढे दुसऱ्या शाह आलमचे. मराठ्यांचे राज्य आणि बादशहाचे नाव, हे कोडे नवख्या वाचकाला बुचकळ्यात टाकते. पण बाजारात रुपया चालतो तो सराफाच्या विश्वासावर, आणि सराफाचा डोळा त्याच जुन्या अक्षरांना सरावलेला होता. म्हणून पुणेकर कारभाऱ्यांनी ती अक्षरे तशीच राहू दिली. व्यवहाराला अभिमानाची फारशी पर्वा नसते.

येथे संग्राहकाची खरी अडचण सुरू होते. हातोड्याने ठोकलेल्या त्या काळच्या रुपयांत ठसा हा चांदीच्या चकतीपेक्षा मोठा असे. साहजिकच ठशावरचा सगळा मजकूर कोणत्याही एका नाण्यावर उतरत नसे. एका रुपयावर ‘बलवं’ एवढे दिसते, दुसऱ्यावर ‘नगर’चा शेवट दिसतो, तिसऱ्यावर सन उमटतो पण गावाचे नाव कडेबाहेर जाते. ठशावर काय कोरले होते हे एक रुपया हाती धरून कळत नाही. दहा, वीस, पन्नास रुपये शेजारीशेजारी ठेवून पाहावे लागतात. इतके रुपये एका माणसाच्या पेटीत कोठून असणार? एक मुंबईत, एक लखनौच्या संग्रहालयात, एक लंडनच्या व्यापाऱ्याकडे. या विखुरलेल्या रुपयांना एका मेजावर आणून बसवण्याचे काम कागदाने केले.

म्हणूनच नाण्यांच्या हौशी माणसाला टपालातून आलेले सूचीपुस्तक उघडण्यात जो आनंद होतो, तो बाहेरच्याला सहसा उमगत नाही. घरच्यांना वाटते, विकत घ्यायचे काही नाही तर किमती वाचून काय मिळते? पण किमतीचा रकाना तो सर्वांत शेवटी पाहतो. प्रथम तो चित्रांची पाने उलटतो. मग बहिर्गोल भिंग घेऊन एकेका रुपयाच्या कडेशी थांबतो. लिलावाचा क्रमांक, वजन, व्यास, दर्जा, पूर्वी कोणाच्या संग्रहात होता त्याचा उल्लेख आणि ग्रंथातील संदर्भ अशा चार-पाच ओळींच्या त्या रूक्ष नोंदीत त्याला कादंबरीचे सुख मिळते. आपल्याजवळच्या रुपयावर जे अक्षर अर्धे तुटले आहे, ते त्या चित्रात पुरते दिसले की तो कागदाच्या तुकड्यावर ते उतरवून घेतो. फुलाची खूण डावीकडे की उजवीकडे, सनाचा आकडा बादशहाच्या राज्यारोहणाशी जुळतो की नाही, हे तो ताडून पाहतो. शाह आलम १७५९ साली गादीवर आला आणि १८०६ साली वारला. परंतु अनेक देशी टांकसाळींनी त्याच्या मृत्यूनंतरही त्याचेच नाव चालू ठेवले आणि कित्येकदा राजवर्षाचा आकडा एकाच ठिकाणी गोठवून टाकला. त्यामुळे नाण्यावरचा सन हा नाणे पाडल्याचा सन असेलच असे नाही. ही खोच एकदा कळली की संग्राहक आकड्यावर भिस्त ठेवणे सोडतो आणि अक्षरांची वळणे व खुणा पाहू लागतो.

या वाचनाची परंपरा जुनी आहे. कलकत्ता व बनारसच्या टांकसाळींत धातुपरीक्षकाचे काम केलेल्या जेम्स प्रिन्सेपने १८३४ साली छापलेल्या आपल्या कोष्टकांत देशभरच्या बाजारी रुपयांची वजने व कस दिले. हेतू शास्त्रापेक्षा व्यवहाराचा होता; कोणत्या रुपयावर किती बट्टा बसतो हे सरकारी खजिन्याला हवे होते. पुढच्याच वर्षी, १८३५ साली, कंपनीने १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया आणला आणि देशी टांकसाळींच्या अखेरीस प्रारंभ झाला. ज्या कोष्टकाने रुपयांची नोंद केली त्याच्याच मागोमाग त्यांची भट्टीही आली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीपुढे मराठी राज्यातील चलन व टांकसाळी यांवर निबंध वाचला. दिवसभर न्यायालयाचे काम करून या गृहस्थांनी टांकसाळींच्या सनदा आणि सराफांचे करार वाचावेत, याचे आजही कौतुक वाटते. त्याच सुमारास जस्टिन अ‍ॅबट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने त्याच सोसायटीच्या नियतकालिकात शिवराई या तांब्याच्या नाण्यांवर लेख लिहिला. खेड्याच्या बाजारात भाजीबरोबर हातात पडणारी शिवराई! तिच्याकडे विद्वान ढुंकून पाहत नसत. अ‍ॅबटने शिवराया जमवल्या, ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ या अक्षरांचे शुद्धलेखन, टिंबे, रेघा, खुणा यांवरून त्यांचे प्रकार लावले. हाच अ‍ॅबट पुढे महाराष्ट्रातील संतांची चरित्रे आणि काव्ये इंग्रजीत नेणारा म्हणून मान्यता पावला. शिवराईवरच्या झिजलेल्या अक्षरांतून मराठीशी जडलेली त्याची मैत्री तुकोबांपर्यंत गेली असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो मोहच.

१९०४ पासून बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाला नाण्यांची स्वतंत्र पुरवणी जोडली जाऊ लागली. १९१० साली अलाहाबादेस भारतीय नाणकपरिषद स्थापन झाली. संस्थापक सहा, त्यांत इंग्रज मुलकी अधिकारी होते, एक धर्मोपदेशक होते आणि मुंबईचे फ्रामजी ठाणावाला होते. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले तेही याच वर्षी. १९३९ पासून नाणकपरिषदेचे स्वतंत्र नियतकालिक सुरू झाले. इकडे लंडनच्या स्पिंक या पेढीचे परिपत्रक १८९२ पासून निघत होते. त्यात लेखही असत आणि विक्रीची यादीही. ते पुढे शतकाहून अधिक काळ चालले. १९७० साली इंग्लंडात पौर्वात्य नाण्यांच्या अभ्यासकांची संस्था निघाली. तिचे साधेसुधे वार्तापत्र भारतातल्या लहानसहान गावांतही टपालाने पोहोचे, आणि त्यात एखाद्या हौशी माणसाची अर्ध्या पानाची टीपही प्राध्यापकाच्या लेखाशेजारी छापली जाई. नाण्यांच्या विद्येत हा समानतेचा गुण आहे: नवे अक्षर ज्याने दाखवले, तो त्या दिवसापुरता गुरू.

मराठी टांकसाळींचे विखुरलेले ज्ञान एकत्र आले ते मात्र नाशिकजवळ. परमेश्वरीलाल गुप्त या थोर नाणकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९८० साली नाणकसंशोधनाची संस्था निघाली आणि तिने अंजनेरीच्या पायथ्याशी बस्तान बसवले. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स या दोघांचा मराठ्यांच्या टांकसाळी व नाणी यांवरील ग्रंथ १९८९ साली याच संस्थेने प्रसिद्ध केला. लिलावाच्या सूचींत बलवंतनगरच्या रुपयापुढे जो संदर्भ-क्रमांक छापलेला असतो, तो बहुधा या ग्रंथाचा असतो. नारो शंकर नाशिकच्या बाजूने झाशीस गेला आणि सुमारे अडीचशे वर्षांनी झाशीच्या रुपयाची नोंद नाशिकला छापली गेली. इतिहास असा कधीकधी उलट टपालाने येतो.

नियतकालिकातला एखादा लेख काय करू शकतो याचे उदाहरणही नाशिकचेच आहे. १९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगळटेंभी येथे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सर्व नाणी क्षत्रप नहपानाची. पण त्यांतील ९,२७० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा ठोकलेला होता. रेव्हरंड स्कॉट यांनी या साठ्याचा वृत्तांत मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दिला आणि लेण्यांतील शिलालेख ज्या विजयाचा उद्घोष करतात, त्याचा पुरावा लोकांच्या हाती आला. साठा पुढे वाटला गेला. आज त्यातले एखादे नाणे लिलावात दिसले की जुना अंक काढून पडताळणारे वाचक निघतातच.

लिलावाच्या जगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाजाराला कथा हवी असते. बलवंतनगरच्या साध्या रुपयाला ‘झाशीच्या राणीचा रुपया’ म्हटले की किंमत वाढते. प्रमाणभूत ग्रंथांत राणीच्या नावाचा रुपया नोंदलेला नाही. जो रुपया विकला जातो तो शाह आलमच्या नावाचा, कित्येकदा राणीच्या जन्माआधीचाही. याहून ढोबळ फसवणूक म्हणजे १८१८ साल घातलेली, कंपनीचे नाव असलेली, देवदेवतांच्या चित्रांची तांब्याची नाणी. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. तरी त्यांच्यासाठी लाखो रुपये मागणारे आणि घरची पुंजी मोडून देणारे दोन्ही भेटतात. अशा वेळी भुलवणारी भाषा उतरवण्याचे काम नियतकालिकांतील कोरड्या टिपांनी केले आहे. चांगल्या सूचीकाराची परीक्षाही येथेच होते. राणीचे नाव न घेता जो रुपया विकतो, त्याच्यावर जाणते ग्राहक विश्वास ठेवतात.

कायद्याची चौकटही आहे. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्याला कळवावा लागतो. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि भारतीय लिलावांच्या सूचींत तशी सूचना छापलेली असते. तरीही नांगराच्या फाळाला लागलेले मडके जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीआधी सोनाराच्या दुकानात पोहोचते. मुशीत गेलेल्या रुपयाची कोठेच नोंद होत नाही.

झाशीच्या बाबतीत ही हानी दुहेरी ठरली. १८५३ साली गंगाधरराव वारले, १८५४ साली संस्थान खालसा झाले, आणि १८५८ च्या एप्रिलमध्ये ह्यू रोजच्या फौजेने शहर घेतले. त्या दिवसांत तेथे असलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी लुटीचे व जाळपोळीचे जे वर्णन लिहून ठेवले, त्यात वाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नाशाचे दुःख वेगळेच उमटले आहे. पोथ्या गेल्या, दप्तरे विखुरली, चांदी वितळली. टांकसाळ कोणत्या वर्षी कोणाच्या मक्त्याने चालली, ठसे कोणी कोरले, दिवसाला किती रुपये पडत, हे विचारायचे ते आता उरलेल्या रुपयांनाच.

म्हणून संग्राहक जुनी सूचीपुस्तके रद्दीत देत नाही. लिलावात विकला गेलेला रुपया कोणा अनोळखी माणसाच्या तिजोरीत जातो आणि पुन्हा पन्नास वर्षे दिसत नाही. त्याचे चित्र मात्र पुस्तकात राहते. विक्रीनंतर येणारा किमतींचा तक्ता काही वर्षांत शिळा होतो, चित्र शिळे होत नाही. बलवंतनगरच्या रुपयाचे असे कागदी नमुने कात्रून, वजनासह एका वहीत डकवून, एकाच ठशाचे रुपये ओळीने लावणारे वाचक आहेत. वहीच्या पानावर मध्यभागी पेन्सिलीने एक वर्तुळ काढलेले असते, चकतीपेक्षा मोठे, ठशाच्या मापाचे. त्यात ‘बलवंत’ भरलेले असते, ‘नगर’ भरलेले असते, फुलाची खूण असते. कडेचा एखादा तुकडा अजून कोरा असतो आणि पुढचे सूचीपुस्तक टपालात असते.