एक नाव, तीन धर्म: कर्नाटकातले सिद्दी

बसवनगुडीतून पुन्हा एकदा. मागच्या भागात मलिक अंबर झाला, आज त्याच्या भाईबंदांबद्दल. इथून रात्रीची बस धरली की सकाळी यल्लापूर. तिथे, हल्याळ-अंकोल्याच्या रानात आणि आपल्या खानापूर भागात सिद्दी राहतात. चेहरा आफ्रिकेचा, बोली कोकणी-मराठीच्या घरातली.

अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणीच विकला गेला आणि बगदादमार्गे अहमदनगरला पोचला. सुलतान असे हबशी का विकत घेत? फौजी माणसाला उत्तर सरळ दिसतं. ज्याला इथे ना भाऊ, ना गाव, ना वतन, तो फितूर होऊन जाणार कुणाकडे? हिशेब पक्का होता, पण अंबराने निजामशाहीच हाती घेतली. जंजिऱ्याच्या सिद्दींची गादी तर 1948 पर्यंत टिकली.

यल्लापूरकडच्या बहुतेकांचे पूर्वज मात्र तलवारीसाठी आणलेले नव्हते. पोर्तुगीजांनी मोझांबिकहून गोव्यात आणले ते घरकामाला, पालख्या वाहायला. कित्येक जण पळून घाटावरच्या जंगलात शिरले.

आता आफ्रिकेत मागे काय उरलं ते बघा. नेथन नन आणि लेनर्ड वांचेकॉन या अर्थतज्ज्ञांनी 2011 साली दाखवलं, की ज्या जमातींतून जास्त माणसं पकडून विकली गेली, त्यांचे वंशज आजही शेजाऱ्यावर, अगदी नातेवाइकांवरही, कमी विश्वास ठेवतात. कारण पकडून देणारा पुष्कळदा ओळखीचाच असे.

आपल्याकडे गंमत उलटी झाली. (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही.) वेगवेगळ्या जमातींची माणसं एकाच नावाखाली आली आणि मग मालकाच्या, आसऱ्याच्या धर्माप्रमाणे विभागली गेली. कोणी हिंदू, कोणी ख्रिस्ती, कोणी मुसलमान. लग्नं बहुतेक आपापल्या धर्मात.

त्यांना पुन्हा एकत्र आणायला एक सरकारी कागद कामी आला. अनुसूचित जातीच्या दाखल्याला धर्माची अट असते, जमातीच्या दाखल्याला नसते. 2003 साली उत्तर कन्नडचे सिद्दी अनुसूचित जमातीत आले, तिन्ही धर्मांचे, एकाच ओळीत. 2020 साली शांताराम सिद्दी विधान परिषदेवर नेमले गेले, त्या सभागृहातले पहिले सिद्दी. विधानसौध माझ्या घरापासून फार लांब नाही. यल्लापूरहून तिथवर यायला मात्र काही पिढ्या लागल्या.