बाजारचं धोतर

आमच्या घरात दोन भावांत मिळून एक धोतर होतं. आताच्या पोरांना हे खोटं वाटतं, म्हणून आधी नीट सांगतो. रानात नेसायची ठिगळाची धोतरं आण्णांची वेगळी होती आणि धाकट्या चुलत्यांची, म्हणजे तात्यांची, वेगळी होती. पण बाजाराला, सोयरीक जमवायला, कचेरीत जायला नेसावं असं एकच. घरात त्याला नावच पडलं होतं, बाजारचं धोतर. आई ते सोड्यात धुवायची, सावलीत वाळवायची आणि घडी करून ट्रंकेत ठेवायची. ज्याचं काम त्यानं ते नेसायचं. दोघांची कामं एका दिवशी आली, तर एकानं काम पुढं ढकलायचं.

आमचा माणदेश पावसाच्या उलट्या बाजूचा. पीक आलं तर खायला आणि नाही आलं तर सावकाराला. कापड ही काही दर वर्षी घ्यायची वस्तू नव्हती. दिवाळीला पोरांना एक खाकी चड्डी आणि एक सदरा मिळायचा, तोही वाढत्या अंगाचा. शिंपी माप घ्यायचा तेव्हा आण्णा बाजूला उभे राहून सांगायचे, "दोन बोटं सैल धर." पहिल्या वर्षी आम्ही सदऱ्यात हरवायचो, दुसऱ्या वर्षी तो बरोबर बसायचा आणि तिसऱ्या वर्षी धाकट्या भावाकडं जायचा. धोतर विरलं की त्याची पोरांना बंडी व्हायची, बंडी फाटली की तान्ह्या पोराचं दुपटं, आणि लुगड्यांची वाकळ. वाकळ फाटली की तिचा तुकडा बैलाच्या खांद्यावर, जुवाखाली. कापड असं वरून खाली यायचं, बापाकडून पोराकडं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं तिच्यावर यायचंय.

आधी डोईचं सांगतो, कारण माणसाची किंमत तिथं ठरायची. आमचा आज्जा पटका बांधायचा. त्याच्याइतकी कामाची वस्तू मी दुसरी बघितली नाही. पोहरा खाली पोचेना तर दोराला पटका जोडायचा. वैरणीचा भारा बांधायला पटका, उशाला पटका, पायाला काटा घुसून रगत आलं तर वर आवळून बांधायला पटका. उघड्या डोक्यानं गावातनं कुणी चालला, तर बायका दारात येऊन विचारायच्या, कोण गेलं म्हणून. सुतकाचीच खूण ती.

मग टोपी आली. 9 सप्टेंबर 1942 ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि गोळीबार झाला. परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबर आठ जण पडले. आमच्या आज्ज्याचा धाकटा भाऊ त्या मोर्च्यात होता. तो रात्री रानारानानं घरी आला तेव्हा त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती. कुठं पडली ते त्यानं कधी सांगितलं नाही. पण घरात दुसरी एक होती, ती आजीनं कणगीत ज्वारीच्या खाली घालून ठेवली. टोपी सापडली तरी पोलीस धरून नेतील, ही भीती. चार-पाच वर्षं ती टोपी ज्वारीत होती. ज्वारी संपली, नवी आली, टोपी तिथंच. लढाईमुळं कापडावरही कंट्रोल आलेलं. आजी सांगायची, दोन जावांत बाहेर जायचं लुगडं एक, म्हणून पाण्याला एक जायची आणि दुसरी घरात दार लावून बसायची. म्हणजे बाजारचं धोतर ही आमच्या घरात पहिली गोष्ट नव्हती.

स्वराज्य आल्यावर ती टोपी कणगीतून निघाली आणि बघता बघता सगळ्या गावाच्या डोक्यावर बसली. आण्णांच्या वयाच्या कुणी पटका बांधलाच नाही. पुढं 1962 ला जिल्हा परिषदा झाल्या, सोसायट्या, कारखाने आले, आणि टोपीतही दोन जाती झाल्या. एक कडक इस्त्रीची आणि एक आमची, घामानं पिवळी पडलेली. 'टोपी घालणं' याचा दुसरा अर्थ मराठीत कधी आला ते मला ठाऊक नाही, पण आमच्या भागात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. कापडावरनं माणूस तोलायचं काम फक्त कचेरीतले लोक करत नव्हते, आम्हीही करत होतो. डिसेंबर 1927 ला महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी बायकांना सांगितलं होतं, की तुमच्या नेसण्यावरून तुमची जात ओळखू येते ते बंद करा, चांगलं, नीट नेसा. आमच्या गावात ही गोष्ट रुजायला किती वर्षं लागली? मी लहान असताना त्या वस्तीतली एक बाई घोट्यापर्यंत स्वच्छ लुगडं नेसून चावडीपुढनं गेली, तर ओट्यावर बसलेली माणसं खाकरली. त्यात आमचा आज्जाही होता. जो माणूस भावाच्या टोपीसाठी जीव मुठीत धरून बसला, तोच एका बाईच्या लुगड्यावर खाकरला. मला तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतं.

आता धोतराकडं येतो.

1971 ला थोरल्या बहिणीचं लग्न झालं. त्यासाठी विहिरीकडचं दीड एकर रान आण्णांनी सावकाराला मुदत खरेदीनं लिहून दिलं. म्हणजे ठरल्या तारखेच्या आत पैसे दिले तर रान आपलं, नाहीतर त्याचं. पुढच्याच वर्षी 72 चा दुष्काळ पडला. आण्णा, आई, तात्या तिघंही खडी फोडायला जायचे. मी शाळा सुटल्यावर भाकरी घेऊन जायचो. मिलोची लाल भाकरी. पाझर तलावाच्या त्या कामावर मी पहिल्यांदा बघितलं, की पाटलाचं धोतर आणि गड्याचं धोतर एकाच रंगाचं झालंय. धुवायला पाणीच नव्हतं.

दावणीला वैरण नाही म्हणून बैल विकला, आईच्या गळ्यातलं डोरलं विकलं, आणि सातशे रुपये जमवले. मुदत 1973 च्या उन्हाळ्यात संपत होती. त्याच्या महिनाभर आधी तात्या मुंबईला गेले. गावचे काही लोक गिरणीत होते, त्यांनी बोलावलं होतं. जाताना ते बाजारचं धोतर नेसून गेले. मुंबईला काय रानातलं नेसून जायचं? आण्णांनीच ट्रंकेतनं काढून दिलं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सावकारानं तालुक्याच्या गावी कचेरीत अकरा वाजता यायचं कबूल केलं होतं. आई म्हणाली, "शेजारचं मागून आणा की एक." आण्णा म्हणाले, "आपलंच पैसं द्यायला लोकाचं धोतर कशाला?" आणि रानातलंच ठिगळाचं नेसून, पैसे फडक्यात बांधून निघाले. मी बरोबर होतो. दहाच्या आत पोचलो. दारात शिपायानं आण्णांना वरनं खाली बघितलं आणि विचारलं, "कुणाचा गडी?" आण्णांनी सावकाराचं नाव घेऊन सांगितलं, त्यांच्याकडं काम आहे. शिपाई समजला, हा सावकाराचाच गडी. म्हणाला, "मालक यील तवा बोलावतो. तितं झाडाखाली बस."

आम्ही बसलो. सावकार कधी आला ते दिसलं नाही, कारण त्या कचेरीला मागून दुसरं दार होतं. बारा वाजून गेले, दोन वाजले. आण्णा दोनदा उठून दारापर्यंत गेले, दोनदा त्यांना हात करून मागं बसवलं. मी म्हणालो, "आण्णा, आत जाऊ." ते म्हणाले, "बोलावतो म्हनलाय न्हवं?" सरकारी माणूस सांगतो त्यावर त्यांचा विश्वास होता. संध्याकाळी कुलूप लावताना कळलं, की सावकार तासभर थांबला, माणूस आला नाही म्हणाला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात पैसे घेऊन गेलो, तर त्यानं कागद दाखवला. तारीख कालची होती.

दीड एकर गेलं. विहीरही त्यातच गेली.

वाटेत आण्णा एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर आईनं तात्यांच्या नावानं बोटं मोडली, तेव्हा मात्र ओरडले, "त्येचा काय दोष? धोतर मीच दिलं." त्या सातशेतून त्यांनी बैल घेतला नाही आधी. आधी एक धोतरजोडा घेतला, एक नेहरू शर्ट शिवला, दोन टोप्या घेतल्या. आई रडली. घरात दाणा नाही आणि हा माणूस कापड घेऊन आलाय. पण त्या दिवसापासनं मरेपर्यंत आण्णा कचेरीत, बँकेत, बाजारात कधी मळक्या कापडानं गेले नाहीत. सात-बाराचा उतारा आणायचा असला तरी परीटघडीचं धोतर, टोपीला नीळ, पायताणाला तेल. बाजाराच्या दिवशी एस.टी.तून उतरणारे आमच्याकडचे म्हातारे पांढरेशुभ्र दिसतात, त्यावर शहरातली माणसं लिहितात की शेतकऱ्याला पांढऱ्याची हौस. हौस असेलही कुणाला. महात्मा फुले 1888 ला पुण्यात राजपुत्राच्या मेजवानीला मुद्दाम शेतकऱ्याच्या वेषात गेले होते, हे मी नंतर वाचलं. त्यांना ते दाखवायचंच होतं. आमच्या आण्णांना लपवायचं होतं.

1975 ला मी दहावी झालो. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची एस.एस.सी. आली, त्यातली आमची पहिलीच बॅच. पुढं शिकायचं तर तालुक्याला राहायला लागणार होतं, आणि विहीर नसलेल्या रानात ते भागणारं नव्हतं. तात्या तोवर गिरणीत लागले होते. दर दिवाळीला ते कापडाचा गठ्ठा आणायचे. गिरणीतले कट-पीस, टेरिकॉटचे तुकडे, आणि आण्णांसाठी एक धोतरजोडा, न चुकता. आण्णा तो घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि ट्रंकेत ठेवायचे. दोघा भावांत त्या दिवसाबद्दल कधी बोलणं झालेलं मी ऐकलं नाही. तात्यांनी आणलेल्या टेरिकॉटची माझी पहिली पँट शिवली, खाली घेर मोठा. ती घालून मी गावातनं फिरलो तेव्हा म्हातारे म्हणायचे, "ह्यो लोटत चाललाय का काय!"

18 जानेवारी 1982 ला मुंबईत संप सुरू झाला. अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर. सहा महिने तात्यांनी वाट बघितली, मग बायकापोरांसह गावी आले. त्यांच्याकडं धोतर नव्हतंच, नऊ वर्षांत सगळ्या पँटी झालेल्या. ते पँट घालूनच औताच्या मागं उभे राहिले. आमच्या गावात पँटीवर औत धरणारा पहिला माणूस तोच. पोरं बांधावर येऊन हसायची. चार-पाच वर्षांत सगळं गावच पँटीवर औत धरायला लागलं, कारण जुनी पँट फाटत नाही आणि काट्याकुट्यात धोतरापेक्षा बरी. पण संप मोडला, गिरण्या गेल्या, आणि दिवाळीचा धोतरजोडा बंद झाला. तात्या त्या दिवाळीला आमच्या घरी फराळाला आले नाहीत. आण्णा स्वतः जाऊन त्यांना हाताला धरून घेऊन आले.

आता ती सुरुवातीची गोष्ट. कापड वरून खाली यायचं म्हणालो, ते आता खालून वर जातं. माझ्या अंगावर रानात जी जीन आहे ती पोराची. तो पुण्याला कंपनीत आहे, गुडघ्यावर विरली की माझ्याकडं येते. टी-शर्टवर छातीला काय लिहिलंय ते मी वाचत नाही. खुरपायला येणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा किंवा पोराचा फुल बाह्यांचा शर्ट घालतात, ऊन आणि कुसळं लागू नयेत म्हणून. घरात सुना गाऊनवर असतात, पाहुणा आला की वर टॉवेल घेतात. आईनं आधी नाक मुरडलं. मग गुडघे दुखायला लागल्यावर नऊवारीचा काष्टा जमेना, तेव्हा हळूच विचारलं, "माझ्या मापाचा मिळंल का गं त्यो?" मिळाला. पण दारातनं बाहेर पडताना लुगडंच.

आण्णा 2004 ला गेले. ट्रंकेत तात्यांनी दिलेले तीन धोतरजोडे कोरे निघाले, घडीही न मोडलेले. त्यातलं एक पान तात्यांनी मागून नेलं.

मी टोपी घालतो. पँट-शर्टावर टोपी, पोरं हसतात, पण सवय आहे. काही वर्षांमागं गावात आधार कार्डाचा कॅम्प आला, शाळेच्या खोलीत. मी कडक टोपी घालून गेलो. मशीनवरचा पोरगा म्हणाला, "काका, टोपी काढा." मी म्हणालो, राहू दे की. तो म्हणाला, चेहरा नीट यायला पाहिजे, मागं रांग आहे. मी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि फोटो निघाला. जन्मातला पहिला उघड्या डोक्याचा.

कार्ड पोस्टानं आलं तेव्हा आई उंबऱ्यात बसली होती. तिनं ते हातात घेतलं, डोळ्यांपासनं लांब धरलं, बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं मान वर करून म्हणाली, "आरं, कोन गेलं?"