काकू, माडीवर नको

सकाळचे नऊ वाजलेत. तुम्ही पुण्यात, नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या चौकात उभे आहात. बुधवार, १२ जुलै १९६१. पावसाची झड लागलीय, पागोळ्या फरशीवर गळतायत. खिशातल्या मोबाइलला रेंज नाही. बोळातून पोरं ओरडत पळतात, "लकडी पुलाला पाणी लागतंय, चला बघायला!"

जाऊ नका. त्यांना ठाऊक नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. आंबी नदीवरचं, अजून पुरतं बांधूनही न झालेलं पानशेत धरण आज सकाळी फुटलंय. जवानांनी वाळूची पोती रचून ते जेवढं तगवता येईल तेवढं तगवलं, म्हणून लोंढा दिवसाउजेडी येतोय. रात्री आला असता तर पेठा झोपेतच बुडाल्या असत्या. ते सगळं पाणी आता खडकवासला धरणाच्या दगडी भिंतीवर चढलंय. दुपारी तीही फुटेल.

समोरच्या काकू पितळी डबे माडीवर नेतायत. "येऊन येऊन किती येईल? उंबऱ्यापर्यंत," त्या म्हणतात.

भिंतीला हात लावून बघा. चुन्याचा पोपडा नखाने निघतो, आत नुसती माती. वाड्याचा सांगाडा लाकडाचा, भिंती मातीच्या. पाणी माडीपर्यंत चढायची गरजच नाही. खालची भिंत भिजून बसली की माडी माणसांसकट खाली येते. पुण्यात त्या दिवशी कितीतरी वाडे असेच बसले.

"काकू, माडीवर नको. पर्वतीच्या टेकडीवर चला, आत्ता."

त्या डब्यांकडे बघतात. हा एक क्षण सगळ्यात अवघड. आयुष्यभर जमवलेलं सोडायला कुणाचाही पाय निघत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. घराचे कागद, त्यांच्या घरातल्या आजोबांची औषधं आणि पिण्याच्या पाण्याची कळशी, एवढंच तुम्ही उचला. कळशी विसरू नका. खडकवासला फुटलं की शहराचं पाणीच तुटणार आहे, उद्यापासून विहिरींवर रांगा लागतील. आजोबांचा दंड धरा आणि नदीकडे पाठ करून चालू लागा.

पाणी ओसरल्यावर काकू घराकडे धावायला निघतील. त्यांना अडवा. भिजलेली भिंत पाणी उतरल्यावरही पडते.

आता परत या. आज धरणाच्या विसर्गाचे आकडे मोबाइलवर येतात, पण तुमच्या दारातून उंचावर जायला किती मिनिटं लागतात ते त्यात नसतं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्या आणि या रविवारी, ऊन असताना, ते अंतर एकदा चालून बघा.