एका तासाची पदवी आणि चक्कीनामा

ऑक्टोबर 2020. माझी एक जुनी विद्यार्थिनी आमच्या घराच्या गच्चीवर बसून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा पेपर देत होती. तिच्या वस्तीत रेंज नव्हती म्हणून ती वसमतहून हिंगोलीला खालाकडे आली होती आणि खालाच्या घरातही रेंज नसल्यामुळे आमच्याकडे. तासाभरात मोबाइलवर पर्याय निवडायचे, बटण दाबायचं, झालं. पेपर संपला तेव्हा बायको चहा घेऊन वर गेली. मुलगी रडत होती. पेपर अवघड गेला असेल असं आम्हाला वाटलं. ती म्हणाली, "नाही सर, खूप सोपा गेला. तीन वर्षं शिकले आणि मला काय येतं हे कुणी विचारलंच नाही."

त्या वर्षी काय झालं ते आठवत असेल. राज्य सरकारला अंतिम वर्षाच्या परीक्षा नको होत्या, विद्यापीठ अनुदान आयोगाला हव्या होत्या. 28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तारीख पुढे ढकलता येईल, पण परीक्षेशिवाय अंतिम वर्षाला पदवी देता येणार नाही. मग विद्यापीठांनी घाईघाईत ऑनलाइन बहुपर्यायी परीक्षा उरकल्या. त्या मुलांच्या पदवीला लोक अजून 'कोरोनाची पदवी' म्हणतात. मला मात्र वाटतं, रोग कोरोनाच्या आधीचा होता. कोरोनाने फक्त चादर ओढून काढली.

किती आधीचा? 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. हे नवं विद्यापीठ शिकवत नव्हतं. शिकवायचं काम कॉलेजांचं, विद्यापीठाचं काम फक्त परीक्षा घेण्याचं. पुढच्याच वर्षी, 1858 मध्ये, लंडनने आपल्या बहुतेक परीक्षा कुठेही शिकलेल्या, अगदी घरी बसून शिकलेल्या उमेदवारांनाही खुल्या केल्या. आजच्या दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचं मूळ मला तिथे दिसतं. शिकवणारा एक, तपासणारा दुसरा आणि दोघांची कधी गाठ नाही.

त्याआधी आपल्या दख्खनमध्ये रीत वेगळी होती. बीदरला महमूद गवानने 1472 च्या सुमारास बांधलेला मदरसा अजून अर्धा उभा आहे. कधी सहल काढली तर मुलांना किल्ल्याआधी तो दाखवा. जुन्या इस्लामी शिक्षणपरंपरेत सनद संस्थेची नसायची, उस्तादाची असायची. शागीर्द किताब उस्तादासमोर वाचायचा, उस्ताद चुका दुरुस्त करायचा आणि समाधान झालं की ती किताब पुढे शिकवण्याची 'इजाजत' लिहून द्यायचा. तीत उस्तादाचं आणि त्याच्या उस्तादाचं नाव असे. म्हणजे जे काम पुढे करायचं, तेच समोर करून दाखवायचं.

अमेरिकेत ग्रँट विगिन्स यांनी 1989 च्या सुमारास 'ऑथेंटिक असेसमेंट' ही कल्पना मांडली. विद्यार्थ्याने प्रत्यक्ष जगात जे करायचं आहे ते करून दाखवावं आणि त्यावरून त्याला जोखावं, असा तिचा सरळ अर्थ. मी तिला 'अस्सल मूल्यमापन' म्हणतो. 'अस्सल' हा शब्दही अरबीतूनच मराठीत आलेला, त्यामुळे मला जरा जास्त आवडतो.

आमच्या जिल्ह्याला तर ही गोष्ट अमेरिकेतून शिकायची गरजच नव्हती. नरसी इथलीच, औंढा नागनाथही इथलंच. परंपरा सांगते की मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबा कुंभारांनी थापटणं घेऊन जमलेल्या संतांच्या डोक्यावर मडक्यासारखं वाजवून पाहिलं. बाकीचे शांत बसले, नामदेव चिडले आणि 'कच्चं मडकं' ठरले. नापास झालेल्या नामदेवांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे जाऊन शिकावं लागलं. शाळेत ही गोष्ट सांगताना मुलं हसतात. मी मात्र दरवेळी गोरोबांच्या पद्धतीपाशी थांबतो. त्यांनी भक्तीची व्याख्या विचारली नाही. थापटणं मारलं.

गांधीजींनी ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद घेतली तेव्हा अभ्यासक्रमाच्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसैन. हैदराबादेत जन्मलेले, जामियाचे कुलगुरू, पुढे राष्ट्रपती. हस्तोद्योगातून शिक्षण द्यावं आणि मुलाचं काम बघून त्याची प्रगती ठरवावी हा त्या 'नई तालीम'चा गाभा. मुस्लिम लीगचा या योजनेला कडाडून विरोध होता आणि त्या भांडणात तिच्यातला शिक्षणाचा विचार कुणी नीट वाचलाच नाही. आपल्या समाजात आजही झाकिर हुसैन म्हटलं की राष्ट्रपतिपद आठवतं, वर्ध्याचा अहवाल आठवत नाही.

इथवर वाचून वाटेल की मी लेखी परीक्षेच्या विरोधात आहे. तसं नाही. इजाजत देणारा उस्ताद कुणाला समोर बसू देत होता, हेही विचारलं पाहिजे. मुलींना अपवादानेच, आणि गावगाड्यात खालच्या पायरीवर ठेवलेल्यांना तर कुणाच्याच पाठशाळेत नाही. बैठक क्रमांकाला जात नसते, त्याला बुरखाही नसतो. 1907 साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले ते तपासणाऱ्याला नाव दिसत नसलेल्या कागदाच्या काळात. शिक्षकाच्या हातातले तोंडी आणि प्रात्यक्षिकाचे गुण कुणाच्या मुलांना सढळ मिळतात हे आपण सगळे जाणतो. म्हणून गोरोबांचं थापटणं मला आवडतं आणि त्याची भीतीही वाटते.

मी स्वतः दोन्हीतून गेलो आहे. बी.एड.ला असताना वार्षिक पाठ हीच खरी परीक्षा होती. सातवीचा वर्ग, मागच्या बाकावर दोन परीक्षक, हातात घामाने भिजलेलं पाठ टाचण. एका पोराने असा प्रश्न विचारला की टाचणातली पुढची सगळी पानं निरुपयोगी झाली. त्या दहा मिनिटांत मी जे शिकलो ते शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरात नव्हतं.

पुढे शिक्षण हक्क कायदा आला. 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, आकारिक आणि संकलित. विचार उत्तम. प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद लिहायची. वर्षभरात बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, मग त्यांच्या पीडीएफ आल्या. जिल्ह्याजिल्ह्यांतली हजारो मुलं एकाच शब्दांत 'उपक्रमात आनंदाने सहभागी' होऊ लागली. आणि आम्हा शिक्षकांचं एक ऑनलाइन प्रशिक्षण झालं तेव्हा शेवटच्या चाचणीची उत्तरं चाचणीच्या आधी ग्रुपवर होती. मीही त्यातली दोन बघून टाकली आहेत. हे लिहिल्याशिवाय पुढचं लिहायचा मला हक्क नाही.

2022 मध्ये मी सुट्टीच्या दिवशी एका अभ्यासकेंद्रावर उर्दूची संपर्क सत्रं घेत होतो. व्याख्यानं ऑनलाइन, गृहपाठ पीडीएफ करून पाठवायचे. चाळीसेक गृहपाठ तपासायला आले. गझलेवरच्या उत्तरात बहुतेकांची एकच चूक, एकाच ओळीत. कुणावर रागवायचं? प्रश्नच असा होता की नक्कल हेच त्याचं सर्वांत शहाणं उत्तर होतं.

मी जादा एक काम दिलं. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईकडून जात्यावरचं, पाळण्याचं किंवा लग्नातलं एक गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, उर्दू लिपीत उतरवा, मराठीत अर्थ द्या आणि अडलेल्या जागा लिहा. मनात चक्कीनामे होते. सतराव्या शतकात विजापूरच्या चिश्ती सूफींच्या परंपरेत दळणाऱ्या बायकांसाठी दखनीत अशी गाणी रचली गेली. जात्याचा दांडा, खुंटा, फिरणं यांतून अल्लाहची आठवण. शेजारच्या घरात त्याच वेळी मराठी ओवी चालू असे.

चौदा जणांनी काम केलं. त्यांत गच्चीवरची ती मुलगीही होती. तिच्या नानीने गायलेलं गाणं निम्मं दखनी, निम्मं मराठी. मुलीने दोन पानं फक्त अडचणींवर लिहिली होती. उर्दू लिपीत 'ळ' नाही, मग 'दळण' कसं लिहायचं? 'दलन' लिहिलं तर नानीचा आवाज बदलतो. शिवाय तिच्या लक्षात आलं होतं की नानी मराठी ओळीत स्पष्ट 'ळ' म्हणते आणि दखनी ओळीत त्याच जागी 'ल'. एकाच श्वासात दोन जिभा. मुलीने 'लाम'च्या खाली एक टिंब देऊन स्वतःचं अक्षर बनवलं आणि तळाशी खुलासा केला. हे कुठल्याही ग्रुपवरून उतरवता येत नाही. मी वीसपैकी अठरा दिले.

केंद्राकडून ते गुण परत आले. नमुना उत्तराच्या मुद्द्यांशी जुळत नाही, असं कारण होतं. मी लेखी बाजू मांडली, दोनदा गेलो. शेवटी मूळ गझलेच्या प्रश्नावर तिला बारा गुण धरले. रेकॉर्डिंग जोडायला त्या प्रणालीत जागाच नव्हती, तिथे फक्त पीडीएफ चढत होती.

पुढे तिने बी.एड.ला प्रवेश घेतला. मागच्या हिवाळ्यात छात्रसेवाकालात ती एका उर्दू शाळेत सहावीला शिकवत होती. एका पोराने विचारलं, "बाजी, हळद उर्दूत कशी लिहायची?" वसमतचं पोर, हळदच विचारणार. 'हल्दी' नको, त्याला घरात बोलतात ती 'हळद' हवी होती. तिने फळ्यावर लाम काढला, खाली टिंब दिलं आणि वर्गाला सांगितलं की हे अक्षर पुस्तकात नाही, माझ्या नानीच्या तोंडात आहे. मागे निरीक्षक बसले होते. संध्याकाळी तिने मला पाठ निरीक्षणाच्या पानाचा फोटो पाठवला. फलकलेखनाच्या रकान्यात लाल शाईत शेरा होता : अक्षर चुकीचे, सराव आवश्यक.