भंडाऱ्याचा पराभव, नागपूरची दीक्षा

गोंदिया १९९९पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता. म्हणून १९५४ची भंडारा लोकसभा पोटनिवडणूक मी आमच्याच इतिहासात धरतो. मतदारसंघ द्विसदस्यीय, प्रत्येकाला दोन मते. राखीव जागेवर डॉ. आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. आपल्या मतदारांनी दुसरे मत कुजवावे, हा कार्यकर्त्यांचा सल्ला त्यांनी मानला नाही, असे आठवणींत नोंदले आहे.

या पराभवाने ते १९५६च्या धम्मदीक्षेकडे वळले, हे आपल्याकडचे आवडते समीकरण मला पटत नाही. धर्मांतराची घोषणा येवल्यात १९३५लाच झाली होती. संविधानाचा मसुदा करताना, हिंदू कोड बिलासाठी झगडताना, १९५१ला मंत्रिपद सोडताना तो शब्द त्यांनी मागे घेतला नव्हता. आणि दीक्षेनंतरही राज्यसभेची जागा सोडली नाही. ६ डिसेंबरला गेले तेव्हा ते खासदारच होते.